बेडकीची पिन

मंगळवार, ५ तारीख

मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांत लिहिते आहे. शिवणाचं दुकान बंद करून दोन वर्षं झाली, आता कोणाची छाती-कंबर लिहायची राहिलेली नाही. "तुम्ही सांगाल ते विसरायला नको म्हणून लिहिते," असं ह्यांना सांगितलंय. खरं म्हणजे मला कुरकुर करायला जागा हवी आहे. लेकीजवळ करावी तर ती फोनवर लगेच उपाय सांगायला लागते, आणि मला उपाय नको असतो.

तर आज डॉक्टरीणबाईंनी ह्यांना दोन्ही हात पुढे धरायला लावले. दोन्ही थरथरत होते. मागच्या खेपेपेक्षा जास्त, हे मलाही दिसलं. त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस तारखेला लायसन्स संपतंय ना तुमचं? पुढच्या फॉर्मवर मी सही करणार नाही. रागावू नका."

हे म्हणाले, "अठ्ठावीसपर्यंत तर आहे ना?"

घरी येऊन चहासुद्धा न घेता थेट गॅरेजात. तिथे बेडकी असते. बेडकी म्हणजे ह्यांची दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स कार. हिरवी, बुटकी, दिवे डोळे वटारल्यासारखे, आणि इंजिन मागच्या बाजूला. जन्मभर ह्यांनी लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, ही एवढी एक स्वतःची. दर रविवारी सुरू करून तिचं इंजिन ठणठणीत ठेवलंय, पण अकरा वर्षं ती जागची हललेली नाही, कारण गिअर पडत नाहीत. आधी ह्यांना वेळ नव्हता. वेळ मिळाला तोवर हात गेले.

"अठ्ठावीसच्या आत हिला एकदा रस्त्यावर नेणार. मी स्वतः चालवणार," हे म्हणाले. "एकदाच. मग तुम्हाला काय करायचं ते करा."

गेल्या वर्षी ह्यांनी घरची गाडी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर चढवली होती. पायरीवर त्या वेळी कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब. त्यानंतर ती गाडी जावई घेऊन गेले. पण ह्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. बरं म्हटलं.

बुधवार, ६

काम काय आहे ते हे कागदावर काढून दाखवायला बसले. रेघ सरळ येईना तशी पेन्सिल भिरकावली आणि तोंडीच सांगितलं.

पुढे आपण धरतो तो गिअरचा दांडा. त्याच्या बुडाशी एक लांब रॉड, तो गाडीच्या पोटातून मागे गिअरबॉक्सपर्यंत जातो. रॉड आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मुठीएवढा एक जोड, आणि त्या जोडात रबराचे बुश, म्हणजे जाड कडी. ते रबर कुजलंय. त्यामुळे पुढे दांडा दुसऱ्यात टाकला तरी मागे काही पोचतच नाही.

"म्हणजे तुमच्या आईंसारखं," मी म्हटलं. "इकडून सांगितलेलं तिकडे पोचायचंच नाही."

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

जोड काढायचा तर आधी त्यातली पिन काढायला हवी. करंगळीहून बारीक, आडवी आरपार घातलेली. पण ती निमुळती आहे, एक टोक जाड आणि एक किंचित बारीक. बारीक टोकावर ठोकलं की मागे सरकून निघते. जाड टोकावर ठोकलं तर पाचर मारल्यासारखी आणखी घट्ट बसते. दोन्हींतला फरक सुताएवढा, आणि त्यावर तीस वर्षांचा गंज.

सीटच्या मागे, गालिच्याखाली, वहीएवढं झाकण आहे. ते उघडून आत हात घालायचा. ह्यांचा पंजा जात नाही, आणि गेला तरी उपयोग नाही. माझा जातो. म्हणून मी. वय त्रेसष्ट, गुडघे दोन, दोन्ही निकामी.

"बोट फिरव आणि बारीक टोक कुठलं ते सांग," हे म्हणाले.

मी डोळे मिटून बोट फिरवलं. दुकानात होते तेव्हा चाळीसचा दोरा की साठचा, हे मी न बघता सांगत असे. म्हटलं, "डावीकडचं."

"नक्की?"

"अहो, नक्की. शिवाय हातोडी फिरवायला जागाही डावीकडेच आहे. उजवीकडे सगळी अडचण."

"मग डावीकडून मार."

पिनेवर टेकवायला बोटाएवढी पोलादी कांडी दिली, त्याला पंच म्हणतात. वीस ठोके मारले. पिन ढिम्म.

शुक्रवार, ८

गंज सोडवणारा स्प्रे मारायचा, दोन तास थांबायचं, ठोकायचं. परत स्प्रे, परत थांबायचं. काल आणि आज हेच चाललंय. सीटवर पालथं पडून झाकणात हात घालायचा म्हणजे डोकं खाली आणि पाय दाराबाहेर. शेजारीण डोकावून गेली. तिला वाटलं, मी चक्कर येऊन पडले.

हे दारात स्टूल टाकून बसतात. मला वाटलं होतं, सारखे सूचना देतील. पण नाही. प्रत्येक ठोक्याला मान जरा कलती करून नुसतं ऐकतात.

"काय ऐकता हो?"

"काही नाही. चालू दे तुझं."

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामात खोट न काढता हा माणूस इतका वेळ बसलेला मला आठवत नाही. हातांबरोबर जीभही थकली असावी.

सोमवार, ११

मनगट सुजलंय. स्वयंपाक कसाबसा केला. पिन आहे तिथेच आहे, उलट आज मला ती जास्तच घट्ट वाटली. ह्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "गंज आहे, वेळ लागतो."

दुपारी लेकीचा फोन. "आई, तू बाबांना मदत करतेयस? तुला काही कळतं का? परत काही झालं म्हणजे?"

मी म्हटलं, "मी काय करू? पिन निघतच नाहीये."

"निघूच नये," ती म्हणाली.

मी रागावले तिच्यावर. बापाची एवढी एक इच्छा आहे, आणि ही असं बोलते! फोन ठेवल्यावर आडवी झाले ती दोन तास गाढ झोपले. इतकी झोप महिनाभरात लागली नव्हती.

मंगळवार, १२

ठोकलं. नाही निघाली.

शुक्रवार, १५

हे म्हणाले, "लेथवाल्याला फोन कर. गॅसची ज्योत घेऊन येईल. जोड तापला की फुगतो, मग पिन सोडेल." लेथवाले भाऊजी म्हणजे पलीकडच्या गल्लीतले, ह्यांचे जुने स्नेही. लोखंडाचं काहीही करून देतात.

फोन करायचा राहून गेला. आधी दूध ओतू गेलं, मग पाहुणे आले, मग मी विसरले.

स्प्रेचा डबाही सापडेना. सगळं गॅरेज पालथं घातलं. शेवटी माझ्याच बटणांच्या कपाटात मिळाला, मागच्या बाजूला. तिथे कोणी ठेवला देव जाणे. घरात दोनच माणसं, आणि एकाचा हात तिथवर पोचत नाही. वय झालं माझं, दुसरं काय.

हातचं राखून काम करणाऱ्यातली मी नाही, हे ह्या वहीत लिहून ठेवते.

सोमवार, १८

फोन आजही राहिला.

सकाळी ह्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. रोजच लावते. आज वरचं बटण लावताना हे म्हणाले, "तेवढं मी लावतो." मी हात काढून घेतला. आरशासमोर उभे राहून किती वेळ झटत होते. बटण काजापाशी जायचं आणि निसटायचं. मी पलंगाच्या चादरीच्या घड्या करत बसले, उलगडायच्या आणि परत करायच्या. शेवटी एकदाचं लागलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ."

ते बटण खालच्या काजात लागलं होतं. मी म्हटलं, "छान." तसाच शर्ट घालून दिवसभर हिंडले.

असा माणूस तो दांडा कसा धरणार, सांगा. ब्रेक, क्लच, समोर सायकली, शाळेतून सुटलेली मुलं. विचार केला की माझा जीव टांगणीला लागतो. पण हे कोणाला सांगायचं? लेकीला सांगितलं तर ती येऊन गाडीच उचलून नेईल. मग ह्यांच्याकडे बघवणार नाही माझ्याच्याने.

मंगळवार, १९

भांडण झालं. हे मला न सांगता स्वतःच झाकणात पंजा कसाबसा कोंबून बसले होते. पंच डाव्या हातात, हातोडी उजव्या. माझ्या कानावर ठोका आला आणि पाठोपाठ शिवी. अंगठा फुटला. रक्त पुसता पुसता माझा पारा चढला.

"काय नडलंय? मरायचंय का त्या बेडकीपायी? तेरा दिवस बघते आहे, पाठ मोडली माझी. मला काय हौस आहे?"

"मी तुला काही म्हटलं का?"

"म्हणायचंच बाकी आहे! रोज समोर बसता मूग गिळून. काही म्हणत नाही तेच तर."

पट्टी बांधून झाल्यावर हे हळूच म्हणाले, "उद्या नको ठोकूस. मनगटाला विश्रांती दे."

लायसन्सचे नऊच दिवस उरलेत आणि हा माणूस मला विश्रांती घ्यायला सांगतो. मला काही समजत नाही. मला वाटलं होतं, हातापाया पडून घाई करतील.

शुक्रवार, २२

लेथवाले भाऊजी आले. मी फोन केला नव्हता. रस्त्यात ह्यांना भेटले, अंगठ्याची पट्टी बघून विचारलं आणि आपणहून आले. दात बघायचा असतो तसला छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन आत डोकावले. बराच वेळ बघितलं. मग बाहेर आले आणि मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"वहिनी! अहो, जाड बाजूने ठोकताय तुम्ही! दोन आठवडे पिन काढत नव्हतात, बसवत होतात! हत्ती लावला तरी निघणार नाही आता."

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली.

तेवढ्यात स्टुलावरून हे म्हणाले, "तिची चूक नाही. मीच डावी बाजू सांगितली. उलटं लक्षात राहिलं माझ्या."

"तू?" भाऊजी म्हणाले. "झोपेत पिना काढायचास तू."

"झालं आता. वय झालं," हे म्हणाले.

भाऊजींनी विषय वाढवला नाही. उजवीकडच्या अडचणीत बसेल असा वाकडा पंच करून आणतो म्हणाले आणि गेले.

मी मागची पानं उलटून बघितली. सहा तारखेला स्वच्छ लिहिलंय. बोट मी फिरवलं होतं, डावीकडचं मी म्हटलं होतं. ह्यांनी तर "नक्की?" विचारलं होतं. मग हे खोटं का बोलले? मित्रासमोर बायकोची शोभा नको म्हणून असेल. हातांचं हसं होतंच आहे, आता डोक्याचंही अंगावर घेतलं माझ्यासाठी.

आणि माझं काय? त्या दिवशी बोटाला काय लागलं होतं? आठवत नाही असं लिहायला बसले होते. तीन वेळा लिहिलं आणि खोडलं.

रविवार, २४

भाऊजी पंच देऊन गेले, गॅसची ज्योतही आणली. जोड तापवला. धूर झाला, जुन्या तेलाचा वास घरभर. मग मला म्हणाले, "आता, वहिनी."

उजवीकडून मारायचं म्हणजे खांदा सीटच्या मागे खुपसून, गाल पत्र्याला लावून. पहिले आठ-दहा ठोके वायाच गेले. पिन मीच बसवलेली, किती घट्ट ते मला माहीत. मग मी हातोडी बदलली, मोठी घेतली. ह्या वेळी मनापासून मारले. मारताना रडत होते. डोकं खाली होतं म्हणून कोणाला दिसलं नाही. का रडत होते तेही धड सांगता येणार नाही, दमले होते.

एका ठोक्याला आवाज बदलला. टणक होता तो एकदम पोकळ झाला. मी थांबायच्या आत दारातून हे ओरडले, "सुटली!"

हात लावला तर पिन डावीकडे नखाएवढी बाहेर आलेली. आणखी चार ठोके, आणि ती घरंगळून पत्र्यावर पडली. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी पिन फडक्याने पुसून हातात घेतली, हात हलत होता म्हणून मुठीत धरली, आणि आत निघून गेले. मला वाटलं होतं, नाचतील.

सोमवार, २५

जुने बुश हाताला लागताच चुरा झाले. नवे ह्यांनी कधीपासून आणून ठेवले होते, साबणाचं पाणी लावून दाबून बसवले. जोड परत रॉडवर चढवला. नवी पिन घातली, जाड टोक डावीकडेच. भाऊजींनी बघितलं, मीही बघितलं, मग ह्यांना आरशात दाखवलं.

मग हे सीटवर बसले आणि इंजिन बंद ठेवूनच दांडा फिरवला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मागचा. मी झाकणातून बघत होते. इकडे हलवलं की तिकडे हलत होतं. ह्यांचा हात थरथरला की आतला जोडही थरथरायचा, अगदी तसाच. ते मी ह्यांना सांगितलं नाही.

बुधवार, २७

पाऊल घराबाहेर टाकलं नाही ह्यांनी. बेडकी पुसून झाली, चाकात हवा भरून झाली, कागदपत्रं तीनदा बघून झाली. मी म्हटलं, "जायचं का आज?" म्हणाले, "उद्याचा दिवस आहे की." जेवले नाहीत नीट.

मला वाटलं, शेवटच्या दिवसाचा मान ठेवतायत.

गुरुवार, २८

सकाळी दहाला निघालो. लोक कामावर गेलेले, शाळा भरलेल्या, म्हणून ती वेळ मी ठरवली. हे म्हणाले होते, "तू नाही आलीस तरी चालेल." मी म्हटलं, "दुसरी सीट कशाला आहे मग?" आणि बसले. बसताना तोंडाला कुलूप घालायचं ठरवलं होतं, ते पाळलं.

फाटकाबाहेर पहिला गिअर सुरेख पडला. दुसरा थोडा कुरकुरला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन बाहेर येऊन बघितलं. मोठ्या रस्त्यावर तिसरा पडला आणि ह्यांचा चेहरा बदलला, लग्नाच्या आधी दिसायचा तसा झाला. वारा इतका होता की डोळ्यांतून पाणी. पुलापर्यंत ह्यांनी एकही चूक केली नाही. मीच मूर्ख, असं मला वाटायला लागलं. काय म्हणून घाबरले होते मी?

पुलाच्या पलीकडे सिग्नल लागला. लाल. थांबलो. हिरवा झाला, आणि ह्यांना पहिला गिअर सापडेना. हात दांड्यावर, दांडा जागेवर, पण हात इतका हलत होता की दांडा नुसता मधल्या मधे फिरत होता. मागून हॉर्न सुरू झाले. एक, मग चार. कोणी तरी ओरडलं, "आजोबा, घरी बसा!" ह्यांच्या कपाळावर घाम आला. हे माझ्याकडे बघत नव्हते.

मी हात उचलला आणि ह्यांच्या हातावर ठेवला. तो रॉड कुठून कसा जातो, जोड कुठे आहे, किती सरकला की गिअर बसतो, हे आता मला पाठ आहे. म्हटलं, "क्लच." ह्यांनी क्लच दाबला. मी दांडा डावीकडे घेऊन पुढे ढकलला. बसला.

तिथून घरापर्यंत तसंच. हे तोंडाने म्हणायचे, "दोन," मी टाकायची. "तीन." मी टाकायची. हाताखाली ह्यांचा हात होता, तो हलतच होता, पण आता दांडा हलत नव्हता. फाटकातून आत आलो. ह्यांनी इंजिन बंद केलं. आमच्या दोघांचेही हात दांड्यावरच राहिले.

मग हे म्हणाले, "डावी बाजू जाड आहे, हे तुला पहिल्या दिवशीच लागलं होतं ना बोटाला?"

ह्या वहीत जे तीनदा खोडलं, ते मी तोंडाने म्हटलं. "हो."

"मला दुसऱ्या दिवशी कळलं. आवाजावरून. सुटणारी पिन आणि बसणारी पिन, दोन्हींचा आवाज वेगळा असतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. "अहो, मग बोलला का नाहीत? दोन आठवडे मला ठोकू दिलंत?"

ह्यांनी किल्ली काढायचा प्रयत्न केला, ती निघाली नाही, ती मी काढली. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "पिन निघत नव्हती तोवर गाडी पिनेपायी अडलेली होती, माझ्या हातांचं काही बिघडलेलं नव्हतं."

मी दार उघडलं नाही. तशीच ह्यांच्याशेजारी बसून राहिले.